दोन बोटं जास्तीची

माप घेऊन झालं की आमचे टेलरकाका टेपच्या टोकाशी आपली दोन बोटं आडवी टेकवायचे आणि म्हणायचे, "दोन बोटं जास्तीची ठेवतो. माणूस वाढते."

समोरचा माणूस साठीचा असला तरी हेच. मी एकदा म्हटलं, काका, माझं वाढायचं वय सरलं. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि वहीत माप लिहिलं. दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीत बहुतेकांच्या अंगावर त्यांच्याच हातचे कपडे. शाळेच्या पँटी शिवताना तर ते शिवणीच्या आत इतकी माया, म्हणजे जास्तीचं कापड, दुमडून ठेवायचे, की एक पँट उसवत उसवत तीन वर्षं जायची. यात तुमचंच नुकसान आहे, हे त्यांना लोकांनी सांगून पाहिलं होतं. तुमच्याही गावात असा एखादा टेलर असेल, स्वतःच्याच धंद्याच्या मुळावर उठलेला आणि तरी खुशीत मशीन चालवणारा.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीत बसतो. रोज एसटीनं जाणं-येणं. काकांची धाकटी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आमच्याच कॉलेजात फार्मसीला तिचा नंबर लागला, तेव्हा ते माझ्यावर विसंबले. फी त्यांच्या आवाक्याबाहेरची होती, पण स्कॉलरशिप मिळाली की बहुतेक सुटणार होती. "तुमी हाय न खिडकीत," ते म्हणाले. मला बरं वाटलं. आपण कुणीतरी आहोत असं वाटायला खिडकीतल्या माणसाला फारसं काही लागत नाही.

उत्पन्नाचा दाखला तेवढा आणा, असं मी सांगितलं. त्यांनी तो कौतुकानं लॅमिनेशन करून आणला. मी एकदा वाचला, पुन्हा वाचला. उत्पन्न मर्यादेच्या वर होतं.

"काका, तुम्ही महिन्याला पंधरा हजार कमावता?"

"कायचे पंधरा? आठ झाले तं देव पावला."

मग हळूहळू उलगडा झाला. थोरलीची सोयरीक तेव्हा नेरच्या एका घरात जुळत आली होती आणि मुलाचा मामा आमच्याच गल्लीत राहायचा. काका तलाठ्याकडे गेले, तेव्हा हा मामा सातबाऱ्यासाठी तिथेच बाकावर बसलेला. तलाठ्यानं सगळ्यांदेखत विचारलं, महिन्याची कमाई किती.

"त्याच्यासमोर आठ कसे सांगू, बाबूजी? थोडसं वाढवून सांगतलं."

थोडंसं म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि वर तसं लिहून सहीही केलेली. अजून मुदत आहे, पुन्हा अर्ज करून खरं उत्पन्न लिहून द्या, असं मी म्हटलं. ते जाऊन आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. आता गल्लीत येऊन चौकशी करावी लागेल, शेजारच्या चार घरी विचारून पंचनामा होईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. चार घरांत मामाचं घर आलंच. लग्न मार्गशीर्षात होतं आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याच्या आधीची.

ते मशीनवर हात ठेवून नुसते बसले होते. "खरं सांगतलं तं मोठीचं लग्न मोडते, नाही सांगतलं तं लहानीचं शिक्षण जाते," ते म्हणाले. "तुमीच सांगा, कोण्या पोरीचं कापू?"

मी प्राचार्यांकडे शब्द टाकला आणि फीचे दोन हप्ते करून घेतले. पहिला त्यांनी पिकोची मशीन विकून भरला. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत त्यांची वाट पाहिली. ते आले नाहीत.

थोरलीचं लग्न झालं. पंगतीत मामा नेमका माझ्या शेजारी आला. मी सहज विषय काढावा तसा काढला. तलाठी ऑफिसात त्या दिवशी तुम्ही होतात ना, काका आले होते तेव्हा? त्यानं आठवून पाहिलं.

"ध्यानात नाही बा. मी तं मोबाईल पाहून राह्यलो असन."

हे मी काकांना कधी सांगितलं नाही. सांगून फक्त त्यांचा जीव जळाला असता.

दुसऱ्या हप्त्यासाठी विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. परीक्षेचा फॉर्म अडला, तेव्हा धाकटी माझ्या खिडकीशी आली आणि तिनं आपली ओरिजिनल कागदपत्रं परत मागितली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं कागद मोजून घेतले, रजिस्टरवर सही केली आणि थँक्यू म्हणाली. आता ती यवतमाळातच एका मेडिकलच्या काउंटरवर औषधं काढून देते.

काका दुकान बंद करून पुण्याकडे कपड्यांच्या एका कंपनीत लागले. पोळ्याला आले तेव्हा भेटले. दिवसभर फक्त बाह्याच जोडायच्या असतात, म्हणाले. चार पैसे जमले की लहानीला पुन्हा कॉलेजात घालणार होते, पण ते यंदा काही जमत नव्हतं. निघताना माझ्या शर्टाची शिवण चिमटीत धरून पाहिली.

"तिथं माया सोडू देत नाहीत, बाबूजी."

त्यानंतर ते आलेले नाहीत. दुकानाच्या शटरवर आता कोचिंग क्लासची जाहिरात आहे.

मागच्या आठवड्यात माझी जुनी पँट कमरेत लागेना. बायकोनं ती मागून उसवली. आत दोन बोटं कापड निघालं. बाहेरची पँट विटून गेली होती, पण आतलं कापड जसंच्या तसं नवं होतं. पँट मला नीट बसली. तीच घालून मी कॉलेजात गेलो आणि खिडकी उघडली.