सात पुस्तकांची जागा

रफीकभाईंचा फोन सकाळी साडेनऊला आला. बाभुळगावात मामाच्या दुकानाला लागून त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. "भाऊ, मास्टर खुर्चीतच गेले. हातात सुई होती," एवढेच ते म्हणाले. मामाला ते मास्टर म्हणत. मी आईला सांगितले. तिने विचारले, सुईत दोरा होता का...

शमुवेलमामा, आईचा थोरला भाऊ, पुस्तके बांधायचा. कचेरीची रजिस्टरे, शाळांची हजेरीपत्रके, कुणाचेही धर्मग्रंथ. त्याने बांधलेले पुस्तक उघडून टेबलावर ठेवले की पान आपोआप मिटत नसे. रविवारी तो प्रोटेस्टंट चर्चमध्ये उपदेश करी. माझे वडील फ्रान्सिस हे ट्रॅक्टर मेकॅनिक, कॅथलिक. लग्न करून आईही कॅथलिक झाली. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मामा आमच्या घरी आला, त्याने कोनाड्यातली मारियामातेची मूर्ती उचलली आणि उंबऱ्यावर आपटली. बाबांनी त्याचे डोके दाराच्या चौकटीवर दोनदा आदळले. आई मध्ये पडली, तिचे मनगट मोडले. ते कायमचे थोडे वाकडे राहिले.

भांडणाचा मुद्दा एकच होता. मामा म्हणे, शास्त्रात नाही ते देवाचे नाही. मूर्ती, मृतांसाठी प्रार्थना, मेणबत्त्या, पोपचा शब्द ही सगळी माणसांनी घातलेली भर. बाबा विचारत, शास्त्रात कोणती पुस्तके घ्यायची हे ठरवले कोणी? चर्चनेच ना? मामाच्या बायबलमध्ये सहासष्ट पुस्तके, बाबांच्यात त्र्याहत्तर. जादा सात बाबांच्या प्रतीत जुना आणि नवा करार यांच्यामध्ये एकत्र छापलेली होती. त्यांतल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात लढाईत पडलेल्या सैनिकांच्या पापांसाठी मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केल्याची हकिगत आहे. बाबा नेहमी त्या पानावर बोट ठेवत. मामा म्हणे, ते पान शास्त्राचे नाहीच.

वीस वर्षे दोघे एकमेकांच्या घरी गेले नाहीत. मग बाबांच्या बायबलची शिवण उसवली. त्याच सुमारास आजी, म्हणजे आई आणि मामाची आई, अंथरुणाला खिळली. आता तरी घर जुळावे असे आईला वाटले. बाबा नको म्हणत असताना ती स्वतः ते बायबल मामाकडे घेऊन गेली. पंधरा दिवसांनी ते परत आले. तपकिरी बकरमचे जाड कापडी वेष्टन, घट्ट शिवण, जाडी पूर्वीइतकीच. बाबांनी ते हातात तोलून पाहिले. "हात चांगला हाय तुह्या भावाचा," ते म्हणाले. आईने ते वाक्य नंतर अनेकदा सांगितले.

महिन्याभरात आजी गेली. पाळकांनी दफनविधी केला, माणसे पांगली. आईने बाबांना विनंती केली, आता आपल्या रीतीने तिच्यासाठी प्रार्थना करा. बाबांनी बायबल उघडले आणि मक्काबी शोधू लागले. पान कोरे होते. पुढचेही कोरे. सातही पुस्तकांच्या जागी कोरा कागद, त्याच मापात कापून, त्याच दोऱ्याने शिवलेला. मामा कबरीच्या पलीकडे उभा होता.

"त्या जागेवर देवाचं काई नोतं, जवाई," तो म्हणाला. "म्हून रिकामी ठेवली."

बाबांनी मातीत रोवलेले फावडे उपसले आणि फिरवले. पाते मामाच्या डाव्या भुवईखाली बसले. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो; तीन पावलांवर उभा होतो. बाबांचे हात धरेपर्यंत दुसरा वार खांद्यावर बसला होता. मामा आजीच्या ताज्या मातीवर पडला. रक्त मातीत लगेच मुरत होते. बाबा त्याला "चोर" एवढेच म्हणत राहिले. मामाचा डोळा काढावा लागला. यवतमाळच्या डॉक्टरांना आणि पोलिसांना त्याने एकच सांगितले: दगडावर पडलो.

एका डोळ्याने त्याला सुईत दोरा ओवता येईना. आई दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की त्याच्या दुकानात जाई, आठवडाभराच्या सुया ओवून रेक्झिनच्या गादीत खोचून ठेवी. बाबांना हे ठाऊक होते. ते विचारत नसत. पुढे एकदा मामाने तिला फडताळातले एक पुस्तक दाखवले. काढलेली सात पुस्तके त्याने वेगळी बांधली होती, तसेच तपकिरी बकरम, वर बाबांचे नाव.

"कोनाचं पान म्या फेकत नाई. त्यानं मांगतलं तं देईन."

आईने घरी निरोप सांगितला. बाबा म्हणाले, आणून दिले तर घेईन. मीच जाऊन आणतो, असे मी सुचवले तर बाबांनी बजावले, ज्याने नेले त्याने आणावे. आईने ते आणले नाही. "एकदा म्याच नेलतं," ती म्हणे, "त्याच्यात डोया गेला."

चार वर्षांपूर्वी बाबा गेले, कोऱ्या पानांचे बायबल उशाशी ठेवून. आमची स्मशानभूमी एकच आहे. मधल्या कडुनिंबांच्या रांगेच्या अलीकडे कॅथलिक, पलीकडे प्रोटेस्टंट. दफनाच्या वेळी मामा त्या रांगेतल्या एका झाडापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला.

आता त्याची कबर त्याच झाडापलीकडे आहे. कबरीवर मेणबत्ती लावू नये, माझ्यासाठी प्रार्थना करू नये, असे त्याने लिहून ठेवले होते. पाळकांनी ते वाचून दाखवले. आईचा विश्वास असा की ज्याच्यासाठी कुणी मागत नाही तो आत्मा तिकडे खोळंबून राहतो. भावाचा शब्द मोडायचा की भावाला तसाच सोडायचा... ती आठवडाभर धड जेवली नाही. मग एका दुपारी मला घेऊन दुकानात गेली. गादीत अजून पाच सुया होत्या, तिनेच ओवलेल्या. त्यांना तिने हात लावला नाही. फडताळातले पुस्तक काढले, पदराने पुसले. मी घ्यायला हात पुढे केला.

"नोको. म्याच नेतो."

नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाच्या दिवशी तिने ते स्मशानात आणले. बाबांच्या कबरीवर एक मेणबत्ती लावली. झाडापलीकडे ती गेली नाही. पुस्तक माझ्या हातात दिले. मी खाली बसून मक्काबींचे ते प्रार्थनेचे पान उघडून गुडघ्यावर ठेवले, ते मिटले नाही. मी वाचायला लागलो. दोन ओळी झाल्यावर तिने माझ्या दंडाला हात लावला.

"जरा मोठ्यानं वाच," ती म्हणाली. तिचे तोंड झाडाकडे होते.