रेवताबाईने भरलेला माग

शाळेने व्यवसाय शिक्षणाची सल्लागार समिती केली, तेव्हा तिच्यात हाताने काम करून खाणारे आम्ही दोघंच होतो. पवनीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा मी, आणि करवती काठाचं लुगडं अजून विणणारा लिलाधर कोष्टी. बाकी सगळे भाषणाचे. नववीच्या पोरांना कोणतं काम शिकवावं हे आम्ही फुकटात सांगायचं, त्यांनी चहा पाजायचा आणि शेवटी त्यांचं आधीच ठरलेलं व्हायचं. हे ओळखल्यावर मी नुसता चिवडा खायला जाऊ लागलो. लिलाधर मात्र दर बैठकीला धुतलेला सदरा घालून यायचा आणि एकच मागणं मागायचा. पोरांना विणणं शिकवा.

त्याची तळमळ मला ठाऊक होती. मुलगा चंदन बुटीबोरीला कंपनीत लागलेला, तो मागावर परत बसणार नव्हता. बायको रेवताबाई समिती झाली त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेली. माग भरायचा, म्हणजे ताण्याचा एकेक उभा दोरा फणीतून ओवून घ्यायचा, तर दोन माणसं लागतात. एक मागे बसून दोरा निवडून देतं, दुसरं पुढून आकड्याने ओढून घेतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली रेवताबाईने मागे बसून हा माग भरला होता, आणि तेव्हापासून तो कधी रिकामा झालाच नाही. ताणा संपत आला, की वीतभर शेपूट फणीत तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा तिला पिळून जोडायचा, ही विणकरांची पद्धत. सूत नवं येत राहिलं, दोऱ्यांची मांडणी मात्र रेवताबाईचीच राहिली.

"तिचं घरात एवढंच रायलं, भाऊ," लिलाधर मला म्हणाला होता. "मी गेलो का कोणी उचलून फेकून देईन. त्यापेक्षा पोरींच्या हाती देऊन देतो."

दोन वर्षं घसा कोरडा केल्यावर एकदाची खोली मिळाली. माग सुटा करून बैलबंडीत घातला. फणी आणि तिच्यात अडकलेले दोरे मात्र त्याने चादरीत गुंडाळले आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर धरून शाळेपर्यंत नेले. रस्त्यात खड्डा आला की माझा खांदा दाबायचा. शाळेत त्याने माग उभा केला, हातभर कापड विणलं. दहावीतली नीतू रोज शाळा सुटल्यावर तिथे बसू लागली. पोरगी हुशार होती. तिने आडवा दोरा नेणारा धोटा हातात धरला तेव्हा लिलाधर हसला, आणि रेवताबाई गेल्यावर तो मला पहिल्यांदाच हसताना दिसला.

उद्घाटन ठरलं. नव्या जागी मागावरचं पहिलं कापड त्या घरच्या लेकीने कापावं, अशी लिलाधरच्या घरची रीत. त्याला लेक नव्हती, म्हणून ते नीतू कापणार होती. फणीपुढच्या दोऱ्यांच्या आधी गाठी मारायच्या आणि मगच कात्री लावायची, नाहीतर ताणलेले दोरे सटकन फणीतून मागे निघून जातात आणि सगळी मांडणी मोडते, हे त्याने तिला दहादा सांगितलं होतं. पण मुख्याध्यापकांनी कात्री ताटात ठेवली आणि ताट पाहुण्यांपुढे धरलं.

पाहुणे म्हणजे कोणी मोठे साहेब होते. लिलाधर त्यांच्या शेजारीच उभा होता, गळ्यात सत्काराची शाल. त्याचा हात अर्धा वर गेला. तोंडही उघडलं. पण घरी आलेल्या पाहुण्याला थांबा म्हणणं त्याच्या जिभेवर कधी आलंच नव्हतं. नीतू मागून म्हणाली, "गाठी." ते टाळ्यांत बुडालं. साहेबांनी फोटोवाल्याकडे बघत कात्री चालवली, दोरे फणीतून सळकन मागे गेले आणि जमिनीवर पडले. टाळ्या चालूच होत्या. मला साहेबांचा राग आला नाही. त्यांना काय कळणार. मला आला तो लिलाधरच्या त्या अर्ध्या हाताचा, आणि अजूनही येतो.

खोली रिकामी झाल्यावर नीतू न सांगता मागाच्या मागे जाऊन बसली आणि खाली पडलेले दोरे मांडीवर सारखे करू लागली.

"आबाजी, तुम्ही पुढे बसा. पहिला दोरा कोणता देऊ?"

लिलाधर आकडा घेऊन बसला खरा. आकडा फणीच्या कडेला लावला आणि परत मधे आणला.

"मधलं आंग सांगतो मी तुले," तो म्हणाला. "पण करवतीचा काठ नाही येत."

"काहून?"

"तो तिले येत होता. ते देत जाये, मी ओढत जावो. कधी इचारलंच नाही."

नीतू तरी दोरे धरून बसून राहिली. मीच तिला घरी पाठवलं.

पुढच्या बैठकीत मोटारगाडी दुरुस्ती हा विषय ठरला, आणि खोली रिकामी हवी होती. लिलाधर आला होता, त्याच धुतलेल्या सदऱ्यात. मुख्याध्यापकांनी अदबीनेच विचारलं, "लिलाधरजी, मागाचं काय करायचं? तुमचा सल्ला सांगा."

"सागाचं लाकूड हाय," लिलाधर म्हणाला. "पोराईले बसाले बाकं करा."

सूचना एकमताने मंजूर झाली.