दसऱ्याचं कुंकू आणि बॉनेटवरचा साबण

थांबा, हे आत्ताच सांगायचंय! भांडी घासताना लिंबाच्या साबणाचा वास आला आणि मी थेट पोचले बडोद्यात, मी शाळेत असतानाच्या एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. बाबा रोज कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात कामाला जायचे, त्यामुळे काजळी बसून त्यांची पहिलीवहिली नवी गाडी हाताला खरखरीत लागायची, म्हणून मी रंगावरून फिरवून चिकटलेली काजळी उचलणारी खास माती, क्ले बार, मागवली होती. ती सरकायला बुळबुळीत काय घ्यायचं, यावर नुसता गोंधळ! बाबा म्हणाले खोबरेल, शेजारचे काका ओरडले, "अरे, साबुनुं पाणी चालशे ने!" मी भांड्यांचा साबण कालवला. पण आई म्हणाली, "पूजेचं कुंकू आज धुवायचं नाही हं!" मग काय, गाडी न धुता, कुंकवाचं स्वस्तिक सोडून, धुळीवरच माती फिरवली. फेस वाळला आणि बॉनेटभर बारीक ओरखडे चमकले. मी पुसतेय, पुसतेय, ते जाईचनात. रडूच आलं. बाबांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "काय गुळगुळीत झाली गं!" पुढे कित्येक वर्षं ते गाडी झाडाखालीच लावायचे. उन्हात ओरखडे मला दिसू नयेत म्हणून, हे मला आत्ता साबण हातात असताना कळलं. तुमच्या घरीही कुणी असं केलंय का?