खंडेनवमीच्या पूजेतला अ‍ॅम्प्लिफायर

"तुमची ही बाई बहिरी हाय का हो?"

आडत दुकानाचे मालक आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या दारात उभे राहून ओरडत होते. त्यांना सेलूच्या जिनिंगवाल्याशी कापसाच्या भावाचं बोलायचं होतं आणि कॉल दोनदा मानवतला लागला होता. आमचे जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, बशीतला चहा संपवून म्हणाले, "लाइन खराब आहे, शेठ. बघतो." मग माझ्याकडे वळले. "बघा हो जरा ती लाइन."

लाइन ठणठणीत होती. मी तिथला टेक्निशियन. सकाळीच तपासली होती. पण शेठजींसमोर तसं म्हटलं असतं, तर खराब काय आहे ते सांगावं लागलं असतं. मी पक्कड घेऊन उगाच मागच्या खोलीत गेलो.

गावाचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तेव्हा तिथं डायल नव्हता. फोनचा हँडल फिरवला की आमच्या बोर्डावर त्या नंबरची झडप खाली पडायची. ऑपरेटर तिथं कॉर्ड खुपसून "नंबर प्लीज" म्हणायची आणि मग दुसरी कॉर्ड हव्या त्या भोकात. म्हणजे अख्ख्या गावाचं बोलणं एका बाईच्या कानातून जायचं. कान गेला की सगळंच गेलं.

कौसल्यावहिनींचा कान चालला होता.

त्यांचे मालक आमच्याकडे लाइनमन होते. पावसाळ्यात खांबावरून पडून वारले. अनुकंपा म्हणून वहिनींना नोकरी मिळाली. शेतकऱ्याच्या घरातली बाई, मॅट्रिक झालेली. इंग्रजी आकडे पाठ करून बोर्डावर बसली आणि वर्षभरात जुन्या ऑपरेटरांच्या बरोबरीनं हात चालवायला लागली. नवरा माझा दोस्त, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणायचो आणि त्या मला भाऊजी.

त्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर मी त्यांना विचारलं. त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं.

"तापात कान फुटला, भाऊजी. डावा तर कामातून गेला. उजव्यानं मोठ्यानं बोललं की समदं कळतंय. पन ट्रंकवर, परगावच्या लाइनीवर, लय बारीक आवाज येतो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"मशीन लावा म्हनतेत. मशीन लावून बोर्डावर बसले तर साहेब लोक ठिवतील का मला? दोन लेकी हायत माज्या पदरात."

एका ओळखीच्या म्हाताऱ्यांचं कानाचं मशीन मागून आणलं आणि गुपचूप वहिनींना लावून बघितलं. वर हेडसेट चढवला की ते शिट्टी मारायचं. मग माझ्या डोक्यात आलं की कानाला मशीन लावण्यापेक्षा हेडसेटलाच लावलं तर? लाइनमधून येणारा आवाज कानात शिरायच्या आधी मोठा करायचा. म्हणजे हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर.

असा किट टपालानं मुंबईहून मागवता यायचा. एक प्रिंटेड बोर्ड, चार ट्रान्झिस्टर, पुडीत बांधलेले रेझिस्टर आणि कपॅसिटर, नऊ व्होल्टच्या सेलसाठी क्लिप. किट होता गाणी ऐकण्यासाठी. मला ढोलकीचा ठेका नको होता, माणसाचा आवाज हवा होता. त्यातले कपॅसिटर बदलून मी लहान घातले. त्यानं जाड आवाज आणि लाइनची घरघर गळते, बोलणं तेवढं पुढं येतं. कॉर्ड खुपसताना जो खटका बसतो, तो दसपट मोठा होऊन कानात शिरला असता. म्हणून रिसीव्हरवर दोन डायोड उलटसुलट जोडले. खटका तिथंच कापला जातो. आधीच अधू झालेल्या कानाला आणखी इजा करायची नव्हती.

जेईंना सांगणं भाग होतं. मी सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"तुम्ही मला काही सांगितलं नाही, आणि मी काही ऐकलं नाही. कळलं?"

कळलं. त्यांनी तेवढ्यावर सोडलं, हेच मी मोठं मानून घेतलं.

सोल्डरिंग मी घरी केलं. एक्स्चेंजमधली सोल्डरिंगची इस्त्री जाड तारांची, तिच्यानं ट्रान्झिस्टर भाजून निघाला असता. घरी माझी पंचवीस वॅटची होती. पण शेजारी पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि इस्त्री कोमट. म्हणून गिरणीवाला येण्याआधी सकाळी सकाळी बसायचो. बायको म्हणाली, "देवाला एवढ्या लवकर उठला असतात तर!"

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोल्डर म्हणजे कथिल आणि शिशाची तार, लवकर वितळणारी. नवशिका ती तार इस्त्रीवर वितळवतो आणि थेंब जोडावर सोडतो. चूक. आधी जोड तापवायचा. बोर्डावरचं तांबं आणि पार्टचा पाय, दोन्हीला इस्त्रीचं टोक एकदम लावायचं. तार इस्त्रीला नाही, जोडाला टेकवायची. जोड तापला असेल तर सोल्डर आपण होऊन पसरतं. मग इस्त्री काढायची आणि गार होईपर्यंत हलवायचं नाही. ट्रान्झिस्टरचा पाय मधे चिमट्यानं धरायचा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते, आत जात नाही. चांगला जोड चकचकीत दिसतो. निस्तेज, दाणेदार दिसला तर तो ड्राय जॉइंट. वरून जोडलेला, आतून सुटा.

मलाही एक ड्राय जॉइंट भोवला. सगळं एका छोट्या डब्यात बसवलं. घरी रेडिओवर लावलं तर डबा उत्तम चालला. एक्स्चेंजच्या बोर्डावर लावला तर नुसती घूंऽऽ. पेन्सिलीच्या बुडानं एकेक जोड टकटकवत गेलो. अर्थिंगच्या तारेवर टकटक केली की घरघर बदलायची. तो नेमका शेवटचा जोड होता, गिरणी सुरू झाल्यावर घाईनं केलेला. जुनं सोल्डर काढलं, तांबं खरवडलं, पुन्हा केला. डबा शांत.

वहिनींनी हेडसेट चढवला. परभणीची लाइन घेतली. मी हळूहळू व्हॉल्यूमचं बटण फिरवत होतो. एकदम त्यांनी माझा हात धरला.

"भाऊजी! परभनीची बाई बांगड्या वाजवायलीय. ऐकू यायलंय मला!"

तोंडावर पदर घेऊन त्या रडायला लागल्या. मलाही गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात एक झडप पडली. त्यांनी डोळे पुसले, कॉर्ड खुपसली आणि म्हणाल्या, "नंबर प्लीज."

त्यानंतर तक्रार आली नाही. डबा साबणाच्या वडीएवढा, त्या तो पदराआड कमरेला खोचायच्या. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. बंद पुकारला की एसटी उभी, दुकानांना कुलपं आणि आमच्या बोर्डाला उसंत नाही. एका बंदला बाहेरगावाहून येणाऱ्या ऑपरेटर अडकल्या. वहिनींनी एकटीनं दिवसभर बोर्ड ओढला. पोलिसांचे कॉल, तहसीलचे कॉल, आमच्या परभणीच्या मोठ्या साहेबांचे कॉल. मोठे साहेब नंतर जेईंना म्हणाले होते म्हणे, त्या दिवशीची ऑपरेटर हुशार आहे.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याचं पोट ज्याच्यावर, त्यानं ते मांडायचं. एक्स्चेंजमध्ये टेबलावर पांढरा कपडा अंथरून पकडी, मीटर, लाइनमनचे पट्टे, माझी इस्त्री, कारकुनाचा टाइपरायटर असं सगळं मांडलं होतं. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि पुढच्या रांगेत, मधोमध, वहिनींचा डबा. त्यावर सगळ्यांत मोठं फूल.

मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणालो, "वहिनी, तो उचला. पूजेला मोठे साहेब येणार आहेत."

"पूजेतलं आज उचलायचं नसतंय, भाऊजी. ड्यूटीबी मी बदलून घेतली हाय. उद्या शिलंगनाला घेईन."

"घरी करायची होती पूजा."

"ज्याच्यावर माज्या लेकी जेवतेत, त्याला चोरून पुजू? तसं केलं तर त्याचं बरं होईल का?"

मी आणखी काही बोलणार, तोवर बाहेर जीप थांबली.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. हे लिहावं लागतं, कारण वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नारळ फोडला, आरती झाली. मग त्यांची नजर डब्यावर गेली. झाकण काढून त्यांनी आतला बोर्ड उजेडाकडे धरला.

"वा! जोड बघा कसे केलेत. कॉलेजात असताना मी असा एक केला होता, निम्मे जोड ड्राय. हे कोणाचं काम?"

"माझं, सर. टेस्टिंगचं आहे," मी म्हणालो. "लाइनवरचा आवाज तपासायला."

वहिनी माझ्या उजव्या हाताला उभ्या होत्या. म्हणजे त्यांचा डावा कान माझ्याकडे. आणि डबा साहेबांच्या हातात. मी काय म्हणालो ते तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं, एकट्या त्यांनी ऐकलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की साहेब आपला डबा हातात घेऊन कौतुकानं हसताहेत.

त्या पुढं झाल्या. "साहेब, हे माजं हाय. ह्याच्याबिगर मला ट्रंकवरलं ऐकू येत न्हाई. भाऊजींनी करून दिलं, तवापासून एक तक्रार न्हाई बघा."

जेई छताकडे बघायला लागले. साहेबांनी झाकण लावलं, डबा होता तिथं ठेवला, वर फूलही ठेवलं. प्रसाद घेतला. मग मला जेईंच्या खोलीत बोलावलं.

"ऑपरेटरला ऐकू येत नाही?"

"डबा लावला की येतं, सर. आपल्यापेक्षा जास्त येतं."

"डबा बंद पडला तर? तेव्हा आगीचा कॉल आला तर?"

"बोर्ड बंद पडला तर सगळ्यांचेच कॉल बंद पडतात, सर. तो दुरुस्त करायलाच मी आहे. आणि कारकून चष्मा लावतात, त्यांना आपण काढतो का?"

"चष्म्याचा नियम आहे. ह्याचा नाही."

"बंदच्या दिवशी तुमचे कॉल ह्याच बाईंनी लावले. तुम्ही स्वतः हुशार म्हणाला होतात."

"तेव्हा मला माहीत नव्हतं," साहेब म्हणाले.

म्हणजे साहेबांना माहीत नव्हतं तोपर्यंत वहिनींना ऐकू येत होतं! मला संताप आला. पण सरकारी नोकरीत संताप गिळायची सवय लवकर लागते. मी गिळला.

दिवाळीनंतर वहिनींना कानाच्या तपासणीला बोलावलं. मी डबा बरोबर दिला होता. तिथं तो बाजूला काढून ठेवायला लावला. डब्याशिवाय ऐकू येतं का, एवढंच तपासायचं होतं. ते तर आम्हालाही माहीत होतं. जेईंनी लेखी दिलं की त्यांना कसलीही कल्पना नव्हती. ऑपरेटर म्हणून वहिनी अपात्र ठरल्या. अनुकंपेची नोकरी म्हणून अगदी घरी बसवलं नाही. चौथ्या श्रेणीत घातलं, पाथरीला. ऑफिस झाडायचं आणि पाणी भरायचं. लेकींची शाळा इथं, म्हणून त्या दोघी आजोळच्या एका नातेवाइकाकडे राहिल्या आणि आई शनिवारी एसटीनं यायची. मोठीची शाळा त्याच वर्षी सुटली. धाकटीला सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं.

वहिनींच्या बदलीचा हुकूम आला त्याच टपालानं माझ्या नावाचंही एक पाकीट आलं. स्वकल्पनेनं उपयुक्त उपकरण तयार केल्याबद्दल प्रशस्तिपत्रक. साहेबांनी मनापासून शिफारस केली होती, यात मला शंका नाही. तेच पत्रक पुढं बढतीच्या वेळी माझ्या कामी आलं.

वहिनी पाथरीला निघण्याआधी एक्स्चेंजमध्ये निरोप घ्यायला आल्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"तुमचं नाव झालं म्हनं, भाऊजी. चांगलं झालं," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी डबा पुढं केला. सेल नवा घातला होता. "घेऊन जा, वहिनी. निदान घरी रेडिओला लावा."

त्यांनी तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या टेबलावर परत ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. पानी भराया कान लागत न्हाईत."

निवृत्त झाल्यापासून गावातली पोरं किट घेऊन माझ्याकडे येतात. जोड आधी तापवा, गार होईपर्यंत हलवू नका, हे मी सगळ्यांना सांगतो. नोकरीत चिकटलेल्यांना आणखी एक सांगतो. ऑफिसात यंत्र दुरुस्त करा, खुशाल करा. माणसाची अडचण दुरुस्त करू नका. केलीत तर अडचण गेल्याचं कुणी लिहून ठेवत नाही, ती होती एवढंच लिहितात.