परुळेकरांच्या चौदा अटी

परुळेकरांना कुठे बोलावलं की ते आधी विचारत, "तिथून मुलुंडला यायला किती वेळ लागेल?" लग्न असो, बारसं असो, पाऊण तासाच्या पलीकडचं आमंत्रण ते घेत नसत. घाटकोपर चालायचं, चेंबूर कसंबसं. बोरीवलीला त्यांची सख्खी बहीण राहते. तिच्या नातवाच्या मुंजीला ते गेले नाहीत. लोकांना हा शिष्टपणा वाटे. तो शिष्टपणा नव्हता. आमच्या रुग्णालयाचा संगणकावरचा प्रोग्रॅम अडला तर तो पुन्हा चालू करणारा माणूस एकच होता, आणि तो पाऊण तासात पोहोचायला हवा, असा व्यवस्थापनाचा आग्रह होता.

मी मुलुंडच्या एका धर्मादाय रुग्णालयात नोंदणी विभाग सांभाळतो. किती रुग्ण आले, किती तपासण्या झाल्या, याचे आकडे जुळवणं हे माझं काम. परुळेकर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. ते टायपिस्ट म्हणून लागले होते. रुग्णालयात पहिला संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार होईना, म्हणून तो त्यांच्या टेबलावर ठेवला गेला. त्यांनी पुस्तक आणून शिकून रुग्णांच्या नोंदीचा अख्खा प्रोग्रॅम लिहिला. तारखांचा हिशेब, मराठी अक्षरांची छपाई, जुना रुग्ण शोधणं, सगळं स्वतःच्या हातचं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचा निरोपसमारंभ झाला आणि दुसऱ्या दिवशी ते कंत्राटावर परत आले. सुनंदावहिनी वेंगुर्ल्याजवळच्या गावी घर लावायला पुढे गेल्या. परुळेकर दोन महिन्यांत जाणार होते. त्याला नऊ वर्षं झाली. कंत्राट नऊदा वाढलं. वहिनींचा दर रविवारी फोन येई आणि शेवटी त्या ठरलेलं विचारत, तुमच्या मशीनने यंदा तरी रजा दिली का? आधी ती थट्टा होती. पुढे पुढे ते सांगताना परुळेकर हसेनासे झाले.

प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नसे. दोन जुने संगणक जिवंत ठेवले होते, एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा. ज्या दिवशी दोन्ही बसतील त्या दिवशी काय, हे विचारायचं धाडस कोणी करत नव्हतं. शेवटी मीच परुळेकरांना म्हटलं की असली कामं करणारं मुक्त सॉफ्टवेअर मिळतं, पैसे पडत नाहीत, पुष्कळ रुग्णालयं वापरतात, आणि आत काय लिहिलंय तेही बघता येतं. आपलं सगळं पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा ते घेऊ, आणि तुम्ही गावाला जा.

"कोणी लिहिलंय ते?" त्यांनी विचारलं.

पुष्कळ जणांनी मिळून, मी म्हटलं.

"म्हणजे कोणीच नाही. उद्या चुकलं तर पकडू कोणाला?"

"तुमचं चुकलं तर तुम्हालाच पकडतात. म्हणूनच तर अडकलायत इथे."

ते चिडले की मालवणीवर येत. "माका गावाक जावचा नाय, असा वाटता काय तुका?" एवढं बोलून ते उठले, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

व्यवस्थापनाने मला तुलना करायला सांगितली. मी जुन्या नोंदींतल्या दोन हजार घेतल्या आणि दोन्हीकडे घातल्या. रुग्ण आला की नाव, आडनाव आणि जन्मतारीख बघायची. तिन्ही जुळली तर जुनाच केसपेपर उघडायचा, हे मुख्य काम. एक हजार नऊशे त्र्याऐंशी ठिकाणी दोघांचं उत्तर एकच आलं. सतरा ठिकाणी नवं सॉफ्टवेअर म्हणालं, हा एकच माणूस आहे; परुळेकरांचा प्रोग्रॅम म्हणाला, हे दोघं आहेत. खरं सांगतो, मला आनंद झाला. त्यांच्या कामात सतरा चुका सापडल्या असं मी समजलो. मान्यतेचा कागद तयार केला, सोमवारी सही करणार होतो, आणि यादी त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी नावं वाचलीच नाहीत. बोट जन्मतारखांच्या रकान्यावरून खाली नेलं.

"सगळ्यांची तारीख बघ."

सतराही जणांची एक जून होती.

"मी पण एक जूनचा," ते म्हणाले. "आमच्या वर्गात बावीस पोरं एक जूनची. आयांना भातलावणी आठवायची, तारीख कुठली? शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी लिहून मोकळे." मग त्यांनी यादीतल्या दोन लक्ष्मी गावडे दाखवल्या. एकाच चाळीतल्या सख्ख्या जावा, दोघींचं साल एक, नवऱ्यांचं आडनाव एक. "हिला साखर आहे, हिला नाही. तुझ्या फुकटच्या प्रोग्रॅमने दोघींचा एक केसपेपर केला असता. मग टोचा इन्सुलिन."

त्यांचा प्रोग्रॅम एक जून दिसली की त्या तारखेवर विश्वास ठेवत नसे. आईचं नाव विचारत असे. आमच्या खिडकीवरची मुलगी वर्षानुवर्षं काही रुग्णांना आईचं नाव विचारत होती, आणि ते का विचारायचं हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. सोमवारची सही माझी होती. मी तो कागद त्यांच्यादेखत फाडला.

"हे लिहिलंय कुठे?" मी विचारलं.

त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

"प्रोग्रॅममध्ये अशा अटी अजून किती आहेत?"

"मोजल्या नाहीत."

मग मी मोजायला बसलो. रोज दुपारी जेवण झालं की ते सांगत आणि मी वहीत लिहून घेई. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका, नाव न ठेवलेली जुळी बाळं, सगळ्या मजल्याने मिळून दिलेला एकच फोन नंबर. कधी दोन दिवस काही आठवत नसे. कधी चहा पिताना थांबत आणि म्हणत, थांब, अजून एक आहे. नवव्या अटीला मी वैतागून म्हटलं, हे आधीच लिहून ठेवलं असतं तर नऊ वर्षं वाचली असती.

त्यांनी कप खाली ठेवला. "लिहिलं असतं तर अठ्ठावन्नाव्या वर्षी हार घालून पाठवलं असतं मला, कर्णिक. तेव्हा मुलीचं लग्न व्हायचं होतं. म्हणून नाही लिहिलं. मग लग्न झालं, आणि तोवर माझंच मला आठवेना, काय काय लिहायचं राहिलंय ते."

एकूण चौदा अटी निघाल्या. नवं सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे त्यात भर घालायला कोणाची परवानगी लागली नाही. एका इंजिनिअर मुलीने चौदाही अटी त्यात बसवल्या. बाकी तारखा, छपाई, शोध, सगळं तयार होतंच. परुळेकरांनी विचारलं, माझं किती राहिलं? मी हिशेब केलेला होता. चाळीस हजार ओळींतल्या दोनशे दहा, असं सांगून टाकलं.

"तू पण ना," ते म्हणाले, "जरा ढोबळ सांगायचंस."

महिनाभर दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवले. एकही फरक आला नाही. परुळेकर गावाला गेले. या खेपेला समारंभ झाला नाही, तो आधीच होऊन गेला होता.

दोन महिन्यांनी मी फोन केला. वहिनींनी नऊ वर्षांत तिथे स्वतःचं सगळं बसवलं होतं: बागेला पाणी कधी, गड्याला काय सांगायचं, देवळात कोणाकडे किल्ली. परुळेकर पडवीत बसून असतात. "काही अडलं का रे?" त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, काही अडलं नाही. ते म्हणाले, "इथेही कोणाचं अडत नाही."

मला निवृत्तीला सहा वर्षं आहेत. मासिक आकड्यांत कोणत्या विभागाचा आकडा तसाच धरायचा नाही, कोणाला दोनदा विचारायचं, हे मला एकट्यालाच ठाऊक आहे. परुळेकर गेल्यावर मी तेही लिहायला घेतलं. सात पानं झाली, काम पूर्ण आहे. माझ्या हाताखालच्या बाई दोनदा म्हणाल्या, सर, मला शिकवून ठेवा ना. पुढच्या महिन्यात बघू, असं मी दोन्ही वेळा म्हटलं. पानं माझ्या खणात आहेत, आणि खणाची किल्ली मी घरी घेऊन जातो.