लिंकवरची हजेरी

हजेरी घेणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात, आणि संशय त्याहून जास्त! चिंचवडच्या एका कॉलेजात मी बी.कॉम.ला व्यापारी कायदा शिकवतो. यंदा मुलांना मुभा होती: वर्गात या, नाहीतर लिंकवर. लिंकवरचा प्रत्येक जण मला झोपलेलाच वाटायचा.

*

काळेवाडीच्या चार मुलांची रेंज हजेरीला फुल्ल असायची. मी प्रश्न विचारला की चौघांचीही एकदम जायची.

*

प्रथमेशने मात्र वर्ग निवडला. मी खूश. एकदा बघतो तर मागच्या बाकावर कानात इयरफोन! गाणी ऐकत असणार म्हणून मोबाइल काढून घेतला, तर स्क्रीनवर मीच. वर्गात बसून पठ्ठ्या ऑनलाइन! फळा तिथे स्वच्छ दिसतो म्हणाला. हजेरी दोन्हीकडे लागली होती.

*

सुशांत चाकणला जाताना कंपनीच्या बसमधून तास ऐकायचा. एकदा तास संपला, सगळे गेले, पण स्क्रीनवरून याचं नाव हलेना. दुसऱ्या दिवशी झापला.

"सर, मी गेटवर उतरलो, मोबाइल तिथं जमा केला. त्यानं पूर्ण ऐकलं ना!"

*

आणि कोमल. चाकणजवळच्या गावातली, कंपनीत सकाळच्या शिफ्टला. तासाला नाव रोज, कॅमेरा बंद. शिफ्टवर असताना ही ऐकते कशी? मी सरळ हजेरी कापली. पंचाहत्तर टक्के भरेनात, परीक्षेचा फॉर्म अडला, म्हणजे वर्ष गेलंच.

ती आईला घेऊन आली. म्हणे घरी आई तास ऐकते, वहीत लिहिते आणि संध्याकाळी हिला शिकवते. आईची शाळा सातवीत सुटलेली. मला ही शुद्ध थाप वाटली. मी आईलाच विचारलं, अल्पवयीन मुलाने करार केला तर?

"पोराच्या सहीला किंमत न्हाई. त्यो करार पयल्यापास्नंच रद्द हाय."

का ते कोमलला विचारलं. तिने माझ्याच उदाहरणासकट सांगितलं. मला माझीच लाज वाटली. मुकाट्याने फॉर्मवर सही केली.

मग सांगावंच लागलं, की पुढच्या सत्रापासून ऑनलाइन बंद, वर्गातच यायचं. आईचा चेहरा उतरला. तिने वही पिशवीत ठेवली.

कोमल म्हणाली, "मी शिफ्ट बदलून येते वर्गात. पण सर, लिंक तेवढी चालू ठेवा."