कापलेल्या डोंगराखालची इमारत

“चिरे काढणाऱ्याची पोर आता आम्हाला पाया शिकवणार!”

साहेबांनी माझा नकाशा टेबलावरच कडेला सारला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. बिल्डर हसला. ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

रत्नागिरीतल्या या आर्किटेक्टकडे मी नकाशे काढायची. काम आमच्याच वस्तीचं होतं. चोवीस घरं पाडून तिथे इमारती. वर, समुद्र दिसतो तिथे, विकायचे फ्लॅट. खाली, डोंगर उभा कापून त्याच्या पायथ्याशी आम्ही.

मी रविवार घालवून दुसरा नकाशा काढला होता. डोंगर कापायचाच नाही. उतार धरून टप्प्याटप्प्यानं दुमजली घरं. दोन बिऱ्हाडांत एक भिंत, सगळ्या खोल्या एका मापाच्या, आमच्याच गवंड्यांनी चिऱ्यात बांधाव्यात इतक्या सोप्या. चोवीसही घरं बसत होती. बिल्डरचे समुद्राकडचे चार फ्लॅट तेवढे कमी होत होते.

“तुम्हा लोकांना फुकट मिळतंय ना? मग गप घ्यायचं,” साहेब म्हणाले.

मी कप बाजूला ठेवून माझा नकाशा गुंडाळला.

संध्याकाळी बाबांना जागेवर नेलं. जन्म चिरेखाणीत गेलेला माणूस. पोकलेननं वरचा जांभा दगड कापला होता आणि खालची पांढरट माती उघडी पडली होती. भर मे महिन्यात ती ओली होती. बाबांनी ती बोटांत चोळली आणि मला दंडाला धरून मागे ओढलं.

“बाय, ही माती लागली की आमी खाण सोडतो, वरचं सगळं घसरतं हिच्यावरनं. मुकादम शिव्या देवदे, सोडतो. हितं कोन ऱ्हानार?”

“आपण.”

वरून एक धोंडा सुटला आणि आम्ही मघाशी उभे होतो तिथे येऊन पडला.

दुसऱ्या दिवशी साहेब एकदम गोड झाले. “वस्ती तुझं ऐकते. वस्तीच्या सभेत आपला हा नकाशा तूच समजावून सांग.” साहेबांच्या त्या नकाशात डोंगराला साधी आधारभिंतसुद्धा नव्हती.

“नाही सांगणार.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

मी माझा नकाशा उचलला आणि ऑफिसातून निघाले.

सभा उद्या आहे. मी जाणार. डोंगर कुठे कापलाय, पाणी कुठे पाझरतंय, माती आधी कुणाच्या खोलीत शिरेल, एकेका बिऱ्हाडाचं नाव घेऊन सांगणार, साहेबांच्या तोंडावर. डोंगर कापणं थांबेपर्यंत आमच्यातलं एकही घर रिकामं होणार नाही. आणा पोकलेन. पहिलं दार माझं आहे, आणि मी दारातच बसलेय.